येळवस आणि छोट्या गाडीच्या खिडक्या

नांदेडला लोक गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला जातात आणि लातूरला मुलांच्या क्लासची चौकशी करायला. आम्ही दोघं चिपळूणहून निघालो ते नांदेडहून रेल्वेच्या खिडक्या उचलून लातूरला पोचवायला. हे कुणाला सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं बघतो. त्यात त्याची काही चूक नाही. जाताना मलाही माझी कीवच येत होती.

आमच्या ह्यांना रेल्वेचं वेड आहे. बँकेत नोकरी होती तोवर ते रविवारपुरतं होतं. निवृत्त झाल्यापासून सातही दिवस तेच. सकाळी चहा व्हायच्या आत फोनवर कुठल्या कुठल्या इंजिनांचे फोटो येतात, आणि मला दाखवले जातात. मी अठ्ठावीस वर्षं बालवाडी चालवली, त्यामुळे ‘अरे वा, किती छान’ हे न बघताही म्हणता येतं. असल्याच एका फोनवरच्या गटात ह्यांची नांदेडच्या सोनकांबळे सरांशी ओळख झाली, आणि डिसेंबर संपता संपता आमचं सामान बांधून झालं.

लातूरला पूर्वी अडीच फुटी रुळांवरून छोटी गाडी यायची. पुढे रूळ रुंद झाले, ती गाडी गेली. तिचा एक लाकडी डबा लातूरच्या काही हौशी मंडळींनी खटपट करून मिळवला, रेणापूर रस्त्यावरच्या एका बंद पडलेल्या डाळ मिलच्या शेडमध्ये आणून ठेवला, आणि सुट्टीच्या दिवशी जमून त्याची डागडुजी सुरू केली. शेडला ते संग्रहालय म्हणतात. आत डबा एकच असला तरी म्हणतात. त्या डब्याच्या खिडक्यांच्या लाकडी झडपा तेवढ्या दुरुस्तीसाठी नांदेडला होत्या, सरांकडे, आणि डब्याचं उद्घाटन येऊन ठेपलं होतं.

नांदेड

सोनकांबळे सर म्हणजे उंच, काटक, पांढरा शर्ट पँटमध्ये नीट खोचलेला माणूस. शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेले. स्टेशनवर त्यांनी ह्यांना मिठी मारली आणि मला नमस्कार करून म्हणाले, “मॅडम, तुम्ही आलात हे लई बरं झालं. ह्या माणसांना सांभाळायला कुणीतरी पायजे.” तिथंच माझं त्यांच्याशी जमलं.

घरी सामान टाकून आम्ही थेट त्यांच्या कॉलनीतल्या विहारात गेलो. सभागृहात भिंतीला टेकवून झडपा ओळीनं उभ्या होत्या. प्रत्येकीला आडव्या पट्ट्यांची झिलमिल, खाली पितळी खिट्टी. रविवारी वंदना झाली की त्याच सतरंजीवर कागद अंथरायचे आणि कामाला लागायचं, असं वर्षभर चाललं होतं. सरांचे जुने विद्यार्थी, कॉलनीतल्या बायका, एक निवृत्त तहसीलदार, सगळ्यांनी घासकाम केलं होतं. तहसीलदारांचा घासायचा हात फार जड, म्हणून त्यांना नंतर फक्त चहा सांगायच्या कामावर ठेवलं होतं, असं एका बाईंनी मला हळूच सांगितलं.

“हात लावून बगा,” सर म्हणाले. “एक डाग सापडला तर सांगा. लई खराब अवस्था होती. रंगाचे थरावर थर. त्यात प्रवाशांनी काय काय कोरून ठेवलेलं. नावं, बाण, बदाम, नुसत्याच रेघोट्या. सगळं घासून साफ केलं. मी पोरांना सांगितलं, जन्मली तेव्हा झडप कशी असेल, तशी पायजे.”

मी हात लावला. खरंच लोण्यासारखं लाकूड लागलं. आमच्याकडे कोकणात पावसानं दारं फुगतात, त्यामुळे लाकूड म्हटलं की मला ते कुरकुरणारंच आठवतं. हे मात्र उन्हात वाळलेलं, हलकं, आणि अजून सागाचा वास धरून होतं.

रात्रीच्या जेवणाला सरांच्या घरी ज्वारीची भाकरी, येसर घातलेली आमटी आणि शेंगदाण्याची चटणी होती. येसराचा मसाला आमटीत पडला की तिला जो दाटपणा येतो तो आमच्या नारळाला काही जमत नाही, हे मी कबूल केलं. माशांशिवाय इतकं जेवल्याचं मला आठवत नाही.

ह्या झडपांचा एवढा ध्यास का, ते सरांनी जेवताना सांगितलं. त्यांचं गाव लातूरजवळच्या मुरुडच्या बाजूला. वडील त्याच छोट्या लाइनवर गँगमन. गावात शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं शिक्षण सरांनी लातूरला केलं, त्या गाडीनं रोज ये-जा करून.

“खिडकीत बसायचं, झडप वर करायची आणि पाठांतर करायचं,” ते म्हणाले. “ज्वारीच्या रानातून वारं यायचं तोंडावर. पुस्तकाची पानं सांभाळून हात दुखायचे. त्या वाऱ्यावर मी शिकलो, मॅडम. आता लातूरच्या त्या मंडळींतले अप्पा म्हणतात, झडपांची कटकट कशाला, काच बसवून टाकू. उद्घाटनाच्या सकाळी काचवाल्याला बोलावून ठेवलंय त्यांनी. तोवर झडपा बसल्या तर बसल्या, न्हाई तर काच. आणि ती काच उघडायची न्हाई, फिक्स.”

“दिसायला चांगली दिसेल की काच,” मी म्हणाले. मला वाटलं, समजूत काढावी.

सरांनी भाकरीचा घास ताटात परत ठेवला. “दिसंल. पण मंग ती गाडी राहत न्हाई. सोनाराच्या दुकानातलं कपाट होतंय.”

अहमदपूरमार्गे

दुसऱ्या दिवशी झडपा चादरींत गुंडाळून सलीमभाईंच्या टेम्पोत भरल्या. सर आणि मी पुढे बसलो. ह्यांनी मागे झडपांसोबत बसायचा हट्ट धरला. सलीमभाईंनी परोपरीनं सांगितलं, “साहेब, रस्त्याचं काम चालू हाय. धूळ लई येते. झडपांची फिकीर नका करू, मी आंड्यासारख्या नेतो.” पण ह्यांना ती मालगाडीच्या गार्डची जागा वाटत असावी. ते बसलेच.

लोहा मागे पडलं तसा दोन्हीकडे सपाट मुलूख उलगडत गेला. काळी माती, तिच्यावर हरभरा, मधेच पिवळ्या फुलोऱ्याची तूर, आणि पलीकडे कणसं धरलेली ज्वारी. आमच्याकडे चार पावलांवर डोंगर आडवा येतो, नजर आपटून परत येते. इथं नजर जाते ती जातच राहते. मला आधी जरा बिनाभिंतीच्या घरात बसल्यासारखं वाटलं. अहमदपूर येईपर्यंत सवय झाली, आणि मग मजा वाटायला लागली.

अहमदपूरला चहाला थांबलो. हे मागून उतरले ते पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे. भुवया, मिशी, कानाच्या पाळ्या, सगळं पांढरं. हॉटेलवाल्यानं एकदा त्यांच्याकडे, एकदा टेम्पोतल्या चादरींकडे बघितलं आणि विचारलं, “जुन्या खिडक्या हायत का, काका? विकायच्या का? माझ्या शेतातल्या आखाड्याच्या घराला लागतात.” ह्यांनी त्याला छोट्या रेल्वेचा इतिहास सांगायला सुरुवात केली. त्यानं शांतपणे सगळा ऐकला. मग म्हणाला, “ते समदं बराबर हाय. पण विकायच्या का?” सर इतके हसले की त्यांचा चहा बशीत सांडला. त्या दिवसातलं त्यांचं ते शेवटचं हसणं.

लातूर

मन्मथअप्पा तुरीचे व्यापारी. कपाळावर भस्माचे पट्टे, अंगात पांढरी बंडी, आवाज अडतीत कमावलेला. शेडच्या दारात उभे राहून त्यांनी आमचं स्वागत केलं ते अर्ध्या रेणापूर रस्त्याला ऐकू गेलं असेल. आत अजून तुरीच्या डाळीचा जुना वास होता, आणि मधोमध तो डबा.

मी गाड्या आवडणारी बाई नाही, पण ह्या डब्याभोवती एक फेरी मारून आले. बुटका, बसका, बाहेरून मातकट तांबडा. आतली बाकं, छताच्या पट्ट्या, खिडक्यांच्या चौकटी, सगळ्यावर अप्पांनी स्वतः व्हार्निश मारलं होतं. “तोंड बगून घ्या त्याच्यात,” ते म्हणाले. खरंच दिसत होतं. ह्यांना आपली धुळीची मिशी तिथंच पहिल्यांदा दिसली.

सरांनी पहिली झडप काढली, दारालगतच्या खिडकीच्या खाचेत धरली आणि वर सरकवली. वीतभर गेली आणि अडकली. काढून शेजारच्या खिडकीला लावली. तिथं ती इतकी सैल की हलवली तर दात वाजल्यासारखी वाजायची. दुसरी झडप घेतली, तिसरी घेतली. ह्यांनी एक घेतली, अप्पांच्या दोन साथीदारांनी दोन घेतल्या. जो तो आपली झडप घेऊन डब्यात इकडून तिकडे फिरायला लागला. एकाचं कोपर दुसऱ्याला, दुसऱ्याची झडप तिसऱ्याच्या डोक्याला. तासाभराने एकही झडप बसली नव्हती आणि तिघंजण एकमेकांशी बोलत नव्हते.

“असं कसं?” अप्पा म्हणाले. “खुणा बगून लावा की.”

“कसल्या खुणा?” सरांनी विचारलं.

अप्पांनी त्यांना वाकवून चौकटीचा खालचा काठ दाखवला. प्रत्येक चौकटीवर पटाशीनं मारलेल्या बारीक रेघा होत्या. कुठं दोन उभ्या, कुठं एक तिरपी, कुठं फुली. “जुन्या सुतारानं एकेक झडप तिच्या चौकटीपुरती घासून बसवलेली हाय. जी खूण चौकटीला, तीच झडपेला. झडपेच्या बुडाला असंल बगा.”

सरांनी हातातली झडप उलटी केली आणि तिच्या बुडावरून अंगठा फिरवला. लाकूड गुळगुळीत होतं. मग ते व्हार्निशच्या बाकावर बसले.

“रेघोट्या होत्या,” ते म्हणाले. “समद्या झडपांना होत्या. मला वाटलं, प्रवाशांनी चाळा म्हणून कोरल्यात. मीच घासून काढायला लावल्या.”

वर्षभर नांदेडच्या त्या सगळ्या माणसांनी रविवार घातले होते, आणि इतकं मन लावून घासलं होतं म्हणूनच हे झालं होतं. काम वाईट करणाऱ्याच्या हातून त्या रेघा वाचल्या असत्या. मला सरांच्या तोंडाकडे बघवेना.

“उद्या दिवसभर बसून एकेक लावून बघू,” हे म्हणाले.

“उद्या?” अप्पांनी ह्यांच्याकडे असं बघितलं, जसं काही ह्यांनी शेड पेटवू या म्हटलं होतं. “उद्या येळवस हाय! उद्या लातुरात चिटपाखरू गावायचं न्हाई. समदं गाव शेतात. कामाचं परवा बगू.”

“परवा सकाळी तर उद्घाटन,” हे म्हणाले.

“मंग काच.” अप्पांनी ते मोठ्यानं म्हटलं नाही. मला वाटतं त्यांनाही ते म्हणायचं नव्हतं. पण पाहुणे ठरले होते, आणि उघडी भोकं पडलेला डबा त्यांना दाखवायचा नव्हता.

सर म्हणाले, आमच्या नांदेडकडं येळवस काही न्हाई, मी उद्या एकटाच शेडमध्ये बसतो. तेव्हा अप्पांच्या मंडळी, महानंदाताई, पुढे आल्या. तोवर त्या कोपऱ्यात बसून पितळी कड्या चिंचेनं उजळत होत्या. “येळवशीला पावणा शेडात उपाशी ठेवू का? लोक तोंडात शेण घालतील आमच्या. गुमान चला शेताला.” ह्यावर अप्पासुद्धा काही बोलले नाहीत, तर सर काय बोलणार.

रेणापूरचं शिवार

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. लातूरच्या बाहेर फार कुणाला ठाऊक नसते आणि लातूरकरांना तिच्यापुढे दिवाळी फिकी वाटते. सकाळी आम्ही निघालो तेव्हा बाजारपेठ बंद, चौक सुने, आणि शहराबाहेर जाणारा प्रत्येक रस्ता माणसांनी वाहता. मोटारसायकलवर तिघं, बायकांच्या डोक्यावर मडकी, गाडीच्या टपावर भांडी. ज्याचं शेत आहे तो आपल्या शेतात, ज्याचं नाही तो ओळखीच्याच्या शेतात. बोलावणं लागत नाही. आमच्याकडे शिमग्याला पालखी घरोघर येते, इथं गावच उठून रानात जातं.

अप्पांच्या शेतात ज्वारीच्या कडब्याची खोपी उभारली होती. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, त्यांना पांडव म्हणतात. त्यांची पूजा झाली, अंबील शिंपडत खोपीला फेऱ्या झाल्या, आणि त्या फेऱ्यांत कानडी-मराठी मिसळलेली एक आरोळी झाली, जिचा अर्थ मी चौघांना विचारला आणि चौघांनी वेगवेगळा सांगितला. बांधावर देवणी जातीची बैलजोडी बांधली होती, पांढऱ्या अंगावर काळे डाग, शिंगांना गोंडे. अप्पांनी त्यांची ओळख करून दिली ती सख्ख्या भाच्यांची करून द्यावी तशी.

शेतात माणसं किती! अप्पांचे भाऊ, त्यांच्या सुना, पुण्याहून खास ह्या दिवसासाठी आलेले पुतणे, दोन शेजारी, एक डॉक्टर, शिवाय आमचे सलीमभाई. ते नांदेडला परतायच्या ऐवजी इथंच मुक्काम ठोकून होते, कारण येळवशीची भज्जी सोडून जाणारा माणूस त्यांच्या मते अडाणी.

खोपीच्या सावलीत सगळे दाटीवाटीनं, पाठीला पाठ लावून दोन रांगांत बसलो. भज्जी म्हणजे भजी नव्हेत. हिरवी तूर, वाटाणे, हरभरा, मेथी, गाजर आणि आणखी रानात सापडेल ते बेसन लावून शिजवलेलं. सोबत बाजरीचे वाफवलेले उंडे, गव्हाची खीर, धपाटे आणि मडक्यातली गार आंबट अंबील. खोपीत वाढणाऱ्याला फिरायला जागाच नव्हती. त्यामुळे मडकं एका टोकाला ठेवत, आणि ते हातोहात पुढे सरकत जाई. ज्याला हवं त्यानं घ्यावं, नको असेल त्यानं पुढच्याला द्यावं. रांगेच्या टोकाला पोचलं की मागच्या रांगेत वळे आणि फिरून सुरुवातीला येई. कुणी जागचं उठत नव्हतं आणि कुणाचं काही राहत नव्हतं.

सर माझ्या शेजारी होते. अंबिलीचं मडकं त्यांच्यापाशी आलं की ते न बघता माझ्याकडे सारत होते. तिसऱ्या वेळी ते मडकं माझ्या हातात आलं, आणि मी तशीच बसून राहिले.

“पुढं द्या की मॅडम,” डॉक्टर म्हणाले.

“सर,” मी म्हणाले, “काल आपण उलटं केलं. झडप घेऊन माणसं पळत होती. माणसांना बसवायला हवं. एकेका खिडकीशी एकेक माणूस. झडप बसली तर ठेवा, नाही तर पुढच्याला द्या. डबाभर गोल फिरली की प्रत्येक झडप प्रत्येक खिडकीला लागून जाईल. पण एका वेळी सगळ्या खिडक्यांवर माणसं हवीत.”

सरांनी मान वर केली. भूमितीच्या मास्तरांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. त्यांनी रांगेवरून नजर फिरवली, ओठ हलवत माणसं मोजली आणि अप्पांकडे बघितलं.

“हाव, समदं खरं,” अप्पा म्हणाले. त्यांचं पोट तुडुंब होतं आणि मागे घोंगडी अंथरलेली होती. “पण जेवल्यावर येळवशीला आडवं व्हायचं असतंय. दिवस मावळायला गवताची चूड पेटवून शेताला फेरी घालायची, तवर झोप. बापजाद्यापासून हाय हे.”

“मी झोपलेली हाय का कवा येळवशीला?” महानंदाताईंनी विचारलं. “पन्नास माणसांची भांडी कोण घासून राहिलं एवढी वर्षं? उठा. चूड पेटवायच्या आत येऊ.”

शेडमध्ये

सगळं गोत तीन गाड्या आणि सलीमभाईंच्या टेम्पोतून शेडवर आलं. काठापदराच्या साड्या, नवे शर्ट, हाताला अजून भज्जीचा वास. प्रत्येक खिडकीशी एकाला बसवलं आणि एकेक झडप हातात दिली. मी बालवाडीचा जुना आवाज लावला. “शिट्टी झाली की लावून बघायची. अडकली किंवा वाजली तर पुढच्या शिट्टीला डावीकडच्याकडे द्यायची. भांडायचं नाही, उठायचं नाही.” शिट्टी ह्यांच्याकडे होती. गार्डची खरी शिट्टी, जुन्या बाजारातून आणलेली. इतकी वर्षं ती आमच्या कपाटात होती आणि घरात वाजवायला मी बंदी घातली होती. आज ती कायदेशीर वाजणार म्हणून हे ताठ उभे होते.

पहिली शिट्टी झाली. खडखडाट, धडपड, हसणं. एकही बसली नाही. दुसरी शिट्टी. डॉक्टर ओरडले, “बसली!” त्यांची झडप वर गेली, खिट्टीत अडकली, खिट्टी काढल्यावर सुळकन खाली आली. टाळ्या झाल्या. त्यानंतर मग दर शिट्टीला कुठून तरी आरोळी यायला लागली. ज्याची बसली त्यानं नुसतं मधल्या मधे झडपा पुढे पोचवायच्या. एकदाच गोंधळ झाला. महानंदाताईंनी आपली झडप बसली म्हणून जाहीर केलं आणि नंतर ती वाजते असं सरांच्या लक्षात आलं, तर त्या सोडायलाच तयार होईनात. “मला हीच आवडली,” म्हणाल्या. त्यांची समजूत काढेपर्यंत ह्यांनी उगीचच चारदा शिट्टी फुंकली.

सर कुठल्याच खिडकीशी बसले नव्हते. ते मधल्या वाटेत उभे होते, आणि प्रत्येक ‘बसली’ला जाऊन स्वतः झडप वर-खाली करून बघत होते. त्यांचा चेहरा हळूहळू सैल होत होता. शेवटी एकच झडप उरली आणि एकच खिडकी. सर म्हणाले, “ही मी लावतो.”

त्यांनी ती खाचेत धरली आणि वर ढकलली. अर्ध्यावर गेली आणि थांबली. काढून पुन्हा लावली. तिथंच थांबली.

“आम्हीच बिघडवली असणार,” सर म्हणाले. “पट्टी बदलताना जाड झाली असंल.” त्यांचा आवाज आदल्या दिवशीसारखा झाला होता. बाहेर ऊन कलायला लागलं होतं.

अप्पा जागचे उठले. त्यांनी आधी झडप बघितली, मग चौकट. खाचेत बोट घालून आतून फिरवलं. बोट बाहेर काढून त्याच्याकडे बघितलं. ही दर्शनी खिडकी. येणाऱ्या प्रत्येकाला अप्पा हीच दाखवत आणि दर खेपेला तिच्यावर व्हार्निशचा आणखी एक हात मारत. तो थर खाचेत उतरून कातडीएवढा जाड झाला होता.

“तुमची झडप बराबर हाय, सर,” अप्पा म्हणाले. “माझी चौकट जाडी झाली.”

त्यांनी पॉलिश पेपर मागितला. पुतण्यानं हात पुढे केला, तर “तू बस” म्हणाले. नव्या बंडीवर भुकटी उडत होती आणि ते आपलंच व्हार्निश खरवडत होते. सर शेजारी बसले आणि त्यांनी दुसरी बाजू घेतली. दोघांचे हात एका ठेक्यात चालले होते. मी पिशवीत रुमाल शोधत असल्याचं दाखवलं.

झडप वर गेली. सरांनी खिट्टी सोडली आणि ती धाडकन खाली आली. अप्पांनी खिशातून फोन काढून काचवाल्याला लावला. तोही कुठल्यातरी शेतात होता, मागे गाणी ऐकू येत होती. “उद्या येऊ नको,” अप्पा ओरडले. “आन् आलास तर जेवायला ये.”

उद्घाटन

उद्घाटनाला कोट घातलेले एक मोठे पाहुणे आले, फीत कापली, भाषणं झाली. शेडपासून अंगणाच्या कुंपणापर्यंत मंडळींनी अडीच फुटी रुळांचा एक तुकडा टाकला होता. त्यावरून डबा हातांनी ढकलून बाहेर आणायचा होता. आत पाहुण्यांनी बसावं असं ठरलं होतं. पाहुणे पायरीवर पाय ठेवणार तेवढ्यात अप्पांनी त्यांना हातानं थांबवलं आणि मागे वळून हाक मारली, “सर, बसा.”

सर नको-नको म्हणत होते. महानंदाताईंनी त्यांना जवळजवळ ढकललंच. ते आत गेले, एका खिडकीशी बसले, आणि त्यांनी झडप वर केली. मग आम्ही सगळ्यांनी खांदे लावले. नांदेडहून पहाटे निघून आलेल्या कॉलनीतल्या बायका, तहसीलदार, डॉक्टर, सलीमभाई. आधी डबा हलेना. मग चाकं करकरली आणि तो सावकाश उन्हात आला. हे शेजारून चालत शिट्टी वाजवत होते. ह्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. धुळीमुळे आलंय म्हणाले, पण त्या दिवशी धूळ नव्हती.

कुंपणाशी रूळ संपले. सगळे दम खात थांबले.

“उतरा की सर आता,” अप्पा खालून म्हणाले. “पावणे ताटकळले.”

सर खिडकीत कोपर टेकून बसले होते, डोळे मिटून. ज्वारीच्या रानावरून येणारं वारं त्यांच्या कपाळावरचे पांढरे केस उडवत होतं.

“एकदा माझ्या गावाकडं, मुरुडकडं ढकला की, अप्पा,” ते डोळे न उघडता म्हणाले. “आत्ता कुठं वारं लागून राहिलं.”

अप्पांनी पाहुण्यांकडे बघितलं. पाहुण्यांनी कोट काढून कुंपणाच्या तारेवर टाकला. मग आम्ही सगळे वळसा घालून डब्याच्या दुसऱ्या टोकाला गेलो आणि पुन्हा ढकलायला लागलो.